शनिवारची मोटारसायकल

आर्डिसनं पान्यांच्या संचावरचं प्लास्टिक दातानं फाडलं, आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे न बघण्याची शिकस्त केली.

"बघा," ती म्हणाली, "कोरा करकरीत. आधीचे झिजले असणार, म्हणून नवे आणून ठेवले व्हर्लिननं. किती राबला रे तो या गाडीवर!"

"राबला," गॉर्डी म्हणाला.

"फारच," मी म्हणालो.

लेरॉयला खोकला आला. तो शेडच्या बाहेर जाऊन खोकला. बराच वेळ खोकला.

त्या प्लास्टिकवर ज्या दुकानाचं लेबल होतं, ते दुकान बंद पडून तिथं आता दाताचा दवाखाना झालाय, आणि तो दवाखानाही जुना झालाय. पण आर्डिसचं तिकडं लक्ष नव्हतं. व्हर्लिनची निळी डांगरी तिनं पायाशी चार घड्या घालून चढवली होती आणि वरून शाळेच्या स्वयंपाकघरातला एप्रन बांधला होता. आर्डिस शाळेत स्वयंपाकीण. गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातची भट्टीत भाजलेली बटाट्याची हॉटडिश खाऊन वाढल्या आणि एकानंही कधी तक्रार केली नाही. कारण तक्रार करायची आमच्याकडे पद्धतच नाही.

तिनं ताडपत्री ओढली. खाली व्हर्लिनची मोटारसायकल. जपानी, साडेतीनशेची, एके काळी नारिंगी. दोन्ही चाकं बसलेली, साखळीवर गंज, आरशात कोळ्याचं बिऱ्हाड.

"जवळजवळ झालेलीच दिसतेय," आर्डिस म्हणाली.

आता खरं काय ते सांगतो. व्हर्लिन टोलेफ्सन मागच्या हिवाळ्यात दारातलं बर्फ उपसता उपसता गेला. जाण्याआधी फावडं त्यानं नीट भिंतीला टेकवून ठेवलं होतं, माणूस टापटिपीचा. त्याच्या आधी वीसेक वर्षं दर शनिवारी जेवण झालं की तो आर्डिसला म्हणायचा, "शेडमधे आहे गं. गाडीचं काम आहे." मग आम्ही तिघं यायचो. शाळेची बस चालवणारा गॉर्डी. आयुष्यभर गावातलं एकुलतं एक गॅरेज चालवलेला लेरॉय. आणि धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळणारा मी, वेंडेल. आम्ही चौघं त्या मोटारसायकलीशेजारी, एका उलट्या खोक्याभोवती घडीच्या खुर्च्या टाकून बसायचो आणि अंधार पडेपर्यंत पत्ते खेळायचो.

पहिल्या शनिवारी लेरॉयनं सीट काढून आत डोकावलं होतं आणि म्हणाला होता, "ह्यात काय आहे? एका दुपारचं काम."

व्हर्लिननं त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. लेरॉयनं सीट परत बसवली. "नाही म्हणजे," तो म्हणाला, "जरा किचकट आहे."

तुम्ही म्हणाल, पत्ते खेळायचे तर सरळ खेळा की. पण आमच्या मिनेसोटात पुरुषमाणूस दुसऱ्याच्या घरी नुसता जाऊन बसत नाही. बायका जातात, उघड उघड कॉफी पितात, रडतात सुद्धा. पुरुषाला जायचं तर काहीतरी बिघडलेलं लागतं. चौघांना बसायचं तर मधे एक बिघडलेलं यंत्र लागतं. आणि ते कायम बिघडलेलं राहील याची काळजी घ्यावी लागते. व्हर्लिनच्या गाडीनं ती कामगिरी वीस वर्षं चोख बजावली होती.

"मे महिन्यात आशीर्वादाचा रविवार आहे," आर्डिस म्हणाली. त्या रविवारी आमच्या चर्चच्या आवारात पंचक्रोशीतल्या मोटारसायकली लागतात आणि पास्टर त्यांना आशीर्वाद देतात. "दर वर्षी व्हर्लिन म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. या वर्षी ही गाडी तिथं उभी राहणार. चालत जाऊन. एवढे शनिवार घातले त्यानं हिच्यात, लोकांनी काय म्हणावं? अर्धंच टाकून गेला? थोडं राहिलंय, ते मी करीन."

"लेरॉय करेल की," गॉर्डी पटकन म्हणाला.

"नको. तुम्ही पुष्कळ केलंत. आता हात माझे." तिनं पाना उलटा धरला. "हे कुठल्या बाजूनं पकडतात?"

लेरॉय परत खोकायला बाहेर गेला.

मग आमची सभा गॉर्डीच्या पिकअपमधे भरली.

"सांगून टाकू या तिला," गॉर्डी म्हणाला.

"काय सांगणार? तुझा नवरा वीस वर्षं खोटं बोलला?"

"खोटं नाही बोलला. 'शेडमधे आहे' म्हणायचा. होताच शेडमधे."

"'गाडीचं काम आहे' म्हणायचा."

"होतंच की काम. केलं नाही ही गोष्ट वेगळी."

मी म्हणालो, "लेरॉय, ती शाळेत गेली की तू गुपचूप जा. तासाभरात गाडी ठीक कर. तिला वाटेल, व्हर्लिननंच सगळं करून ठेवलं होतं. त्याचीही अब्रू राहील, आपलीही."

लेरॉय बाहेर बघत बसला. मग म्हणाला, "आणि मग शनिवारी कुठं जायचं?"

शेवटी ठरलं ते असं, की काहीही करायचं नाही. या ठरावाला आमच्या गावात नेहमीच एकमत मिळतं.

*

न मागता सल्ला देणं म्हणजे आमच्याकडे थोबाडीत मारण्यासारखं आहे. समोरचा विहिरीत पाय टाकत असेल तर जास्तीत जास्त "तसंही करता येईल" इतकंच म्हणायचं. आणि तो विहिरीत पडल्यावर, "वेगळंच आहे." याच्या पलीकडचं बोलणं आम्ही घटस्फोटासाठी राखून ठेवतो.

आर्डिसनं लायब्ररीतून एक पुस्तक आणलं आणि पाककृतीसारखं वाचायला घेतलं. टाकीतला गंज काढायला व्हिनेगर भरून ठेवा, असं त्यात होतं. व्हिनेगर विकत कशाला आणायचं? शाळेच्या कोठीत काकडीच्या लोणच्याचे हंडे होते. तिनं त्यातलं पाणी ओतलं, शेपू आणि लसणासकट.

"तसंही करता येईल," लेरॉय म्हणाला. त्याच्या कपाळाची शीर थडथडत होती.

"आणि आत मूठभर नट-बोल्ट टाकून टाकी हलवत राहायचं म्हणे. किती वेळ हलवणार? माझा खांदा धड नाही." तिनं विचार केला. तिची नजर गॉर्डीवर स्थिरावली. "गॉर्डी, तुझ्या बसचा रस्ता कच्चाच आहे ना अजून?"

गॉर्डीला नाही म्हणता येत नाही. एकदा त्यानं एका सेल्समनला नाही म्हणता आलं नाही म्हणून एकाच वर्षी तीन व्हॅक्यूम क्लीनर घेतले होते. तेव्हा सोमवारपासून आठवडाभर ती टाकी शाळेच्या बसमधे शेवटच्या सीटवर, पट्टा बांधून, गोधडीत गुंडाळलेली, गावोगावची खडी खात हिंडली. खडखडाट असा, की शेतातली गुरं माना वर करायची. मुलांनी तिचं नाव 'डॉरिस' ठेवलं आणि उतरताना "बाय डॉरिस" म्हणायला लागली. बुधवारी मोठ्या खड्ड्यात टाकीचं झाकण उडालं आणि शेवटच्या तीन रांगांना लोणच्याची आंघोळ झाली. एकाही पालकाचा फोन आला नाही. फक्त माझी बायको मार्लीस म्हणाली, "नातवाच्या केसाला शेपूचा वास येतोय. वेगळंच आहे."

शुक्रवारी टाकी उघडली तर आतून चांदीसारखी लख्ख. लेरॉयनं आत बॅटरी मारून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"चांगली झालीय ना?" आर्डिसनं विचारलं.

"वाईट नाही," लेरॉय म्हणाला. आमच्याकडे यापेक्षा मोठी स्तुती नाही, आणि ती त्याच्या तोंडून अशी निघाली, जसं काही कोणीतरी त्याची दाढ उपटत होतं.

मग कार्बोरेटर. दोन होते, आत जुनं पेट्रोल वाळून डिंक झालेलं. पुस्तकात होतं, लिंबाच्या रसात उकळा. आर्डिसनं दोन्ही सुटे केले, प्रत्येक भाग अंड्याच्या खोक्याच्या खळग्यात क्रमानं ठेवला, आणि मोठ्या पातेल्यात लिंबाचं पाणी करून शेगडीवर चढवले. शेजारच्या पातेल्यात कोंबडीचं सूप होतं.

तेवढ्यात गॉर्डी तिची गोधडी परत करायला आला.

"सूप घे," आर्डिस वरच्या मजल्यावरून ओरडली.

"नको नको."

"घे रे, पुष्कळ आहे."

"कशाला उगाच."

"गॉर्डी, घे म्हणते ना!"

तिसऱ्यांदा विचारल्यावर घ्यायचंच असतं, नाहीतर अपमान होतो. गॉर्डीनं वाटी घेतली, जवळच्या पातेल्यात डाव घातला, एक चमचा तोंडात टाकला. आर्डिस खाली आली तेव्हा तो ओट्यापाशी ताठ उभा होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कसं झालंय?"

"जरा आंबट आहे," गॉर्डी म्हणाला. "पण वेगळंच आहे." मग त्यानं तोंडातून कार्बोरेटरचा एक छोटा पितळी जेट काढून नम्रपणे रुमालावर ठेवला.

तो जेट सकाळपासून सापडत नव्हता म्हणून आर्डिस हैराण होती. तिनं गॉर्डीला मिठीच मारली.

*

इथपर्यंत आमचा तसा निभाव लागला होता. गाडी तयार होत चालली होती हे खरं, पण आम्ही दर शनिवारी शेडमधे होतो, कॉफी होती, खजुराच्या वड्या होत्या. पत्ते नव्हते. लेरॉय मागच्या खिशातल्या गड्डीवर नुसता हात ठेवून बसायचा.

मग आर्डिसनं हवेच्या फिल्टरचा डबा उघडला.

आतून उंदरांचं घरटं निघालं. साधंसुधं नाही. पिढ्यान् पिढ्या वाढवत नेलेलं, दुमजली म्हणावं असं. व्हर्लिनच्या लाल फ्लॅनेलच्या शर्टाच्या चिंध्या, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, खारवलेल्या बिस्किटांचे तुकडे. आर्डिस स्वयंपाकघरातल्या चिमट्यानं एकेक थर काढून वर्तमानपत्रावर ठेवत होती.

"हे काय?" ती म्हणाली. "किल्वरची राणी? अर्धीच आहे."

आम्ही तिघं छताचे वासे मोजायला लागलो.

"इस्पिकची सत्ती. आणि हा..." तिनं चिमटा वर केला. चिमट्यात एक अख्खं पान. फक्त वरचा कोपरा कुरतडलेला.

"बदाम गुलाम!" गॉर्डी किंचाळला.

"मी म्हणत नव्हतो?" लेरॉय खुर्चीवरून उठलाच. "मी म्हणत नव्हतो, मी घेतला नाही म्हणून? इतकी वर्षं मला बाहीतला गुलाम काढ, बाहीतला गुलाम काढ म्हणून छळलंत! आता बोला!"

"अरे, पण त्या दिवशी तू जिंकलास कसा मग?"

"खेळून जिंकलो! खेळून! तुम्हाला खेळता येत नाही त्याला मी काय करू? व्हर्लिननं तर मरेपर्यंत—"

आणि तिथं त्याची जीभ थांबली.

आर्डिस चिमट्यातल्या पानाकडे बघत होती. मग तिनं पान्यांच्या संचाकडे पाहिलं. मग इंजिनाच्या बोल्टांकडे. कारखान्यातला रंग त्यांच्यावर तसाच होता, तिनं स्वतः सोडवले तेवढेच काय ते खरवडलेले. मग खाली फरशीकडे. उलट्या खोक्याभोवती चार खुर्च्यांच्या पायांनी काँक्रीटला सोळा गुळगुळीत खळगे पडले होते. गाडीच्या जवळपास एक ओरखडा नव्हता.

ही बाई शाळेच्या रांगेत ताटाकडे एक नजर टाकून कोणी गाजरं मित्राच्या ताटात सरकवलीत ते सांगायची.

"हं," आर्डिस म्हणाली. "वेगळंच आहे."

तिनं चिमटा खाली ठेवला, हात पुसले, थर्मास उचलला.

"कॉफी घेणार का?"

"नको नको," आम्ही म्हणालो. म्हणजे म्हणावंच लागतं.

ती थर्मास घेऊन घरात निघून गेली. दार लागलं.

तिनं एकदाच विचारलं होतं.

माझं वय होऊन गेलंय, मला विजेचा धक्का बसलाय, वळूनं उडवलंय, आणि एकदा भर बैठकीत माझी विजार उसवलीय. पण तसं कधी वाटलं नव्हतं. आम्ही खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या. व्हर्लिनची खुर्ची त्याच्या खिळ्यावरच होती. लेरॉयनं जाता जाता गाडीच्या टाकीवर एकदा हात फिरवला आणि आम्ही निघालो.

*

पुढच्या शनिवारी आम्हाला बोलावणं नव्हतं. आमच्याकडे असल्या वेळी माणसं पिकअपमधे बसून फिरतात. मी आर्डिसच्या घरावरून गेलो. समोरून गॉर्डी आला. त्यानं स्टिअरिंगवरून सलामापुरतं एक बोट उचललं, मी एक बोट उचललं. थोड्या वेळानं लेरॉय. एक बोट. दुसऱ्या फेरीला परत तेच. तिसऱ्या फेरीला लाज वाटून आम्ही तिघंही रस्त्याच्या कडेला थांबलो आणि बॉनेट उघडून उभे राहिलो. तिघांच्या गाड्या एकाच ठिकाणी एकाच वेळी बिघडलेल्या. हे मात्र गावात कोणालाच वावगं वाटलं नाही.

आर्डिस अंगणात किक मारत होती. गाडी पुरी जोडलेली होती. टाकी चकचकीत, नवी बॅटरी, पेट्रोल भरलेलं. ती मारत होती, घाम पुसत होती, परत मारत होती. गाडी हूं की चूं करत नव्हती.

"लाल बटण," लेरॉय दात आवळून पुटपुटला. हँडलच्या उजव्या मुठीजवळ इंजिन बंद करायचं लाल बटण असतं, ते बंदवर होतं. एवढ्या लांबूनही दिसत होतं. "लाल बटण बंद आहे. देवा. तिला कोणीतरी सांगा."

"तू सांग."

"तिनं विचारलंय का मला?"

"नाही."

"मग?"

आर्डिसनं आमच्याकडे एकदा बघितलं. तीही आमच्यातलीच. तीही विचारणार नव्हती. ती किक मारत राहिली, आम्ही बघत राहिलो, आणि आमच्या चांगल्या संस्कारांपायी ते असंच पहिलं बर्फ पडेपर्यंत चाललं असतं, पण तेवढ्यात पास्टर जिना सायकलवरून आल्या. पास्टर जिना न्यू जर्सीच्या. आमच्याकडे येऊन त्यांना सहा वर्षं झालीत, पण वळण लागलेलं नाही.

"अहो आर्डिस," त्या फाटकातूनच ओरडल्या, "ते लाल बटण बंद आहे ना! आणि हे तिघं बुजगावण्यासारखे काय उभे आहेत? डोळे फुटले का तुमचे?"

आम्ही शरमेनं माना खाली घातल्या. असं कोणी बोलतं का माणसांशी?

आर्डिसनं बटण दाबलं आणि किक मारली. गाडीनं एक उचकी दिली. दुसरी किक. मग असा काही धडाका झाला की घरामागच्या ओकवरचे कावळे पार काउंटीची हद्द ओलांडून गेले. सायलेन्सरमधून घरट्याचा उरलेला मजला निघाला आणि पास्टर जिनांच्या पांढऱ्या कॉलरवर जाऊन बसला. सूर्यफुलाच्या टरफलांचा वर्षाव झाला. आणि त्या सगळ्या धुरातून, ठक-ठक, ठक-ठक, करत गाडी चालू राहिली.

लेरॉयच्या डोळ्यांत पाणी आलं. "डावा सिलिंडर जरा मागं पडतोय," तो म्हणाला. "पण वाईट नाही."

*

आशीर्वादाच्या रविवारी चर्चच्या आवारात तीसेक मोटारसायकली रांगेत उभ्या होत्या, मोठाल्या, काळ्या, पोट सुटलेल्या माणसांच्या. प्रार्थना संपत आली तेव्हा लांबून आवाज आला. गाडी पहिल्या गिअरमधे जीव तोडून कण्हत होती, कारण दुसरा गिअर कसा टाकायचा हे पुस्तकाच्या पुढल्या प्रकरणात होतं. कसं थांबायचं ते त्याच्याही पुढल्या.

व्हर्लिनची डांगरी घालून, डोक्यावर गॉर्डीच्या मुलाचं बर्फावरच्या गाडीचं हेल्मेट चढवून आर्डिस आवारात शिरली, रांगेसमोरून गेली, आणि तशीच पुढे गेली. चर्चला वळसा घालून परत आली. परत पुढे गेली. कोपऱ्यावर शेरीफचा माणूस गाडीत बसला होता. आर्डिसकडे लायसन्स नाही हे त्याला माहीत होतं, पण त्यानं लहानपणी तिच्या हातचं खाल्लेलं. त्यानं एक बोट उचललं आणि डोळे मिटून घेतले.

"थांबत का नाही ती?" पास्टर जिनांनी विचारलं.

"कदाचित थांबायचं नसेल," मी म्हणालो. असं कोणाविषयी ठामपणे कसं सांगणार?

शेवटी पास्टर जिनांनी चालत्या गाडीलाच आशीर्वाद द्यायला घेतला. पहिल्या फेरीला, "हे प्रभो, या वाहनाला..." दुसऱ्या फेरीला, "...आणि हे चालवणारीला..." तिसऱ्या फेरीला सगळ्या लोकांनी मिळून "आमेन" म्हटलं, आणि गाडी लायलॅकच्या ताटव्यात घुसून बंद पडली.

फुलांतून आर्डिस बाहेर आली. हेल्मेट काढलं. टाळ्या पडल्या. आमच्याकडे चर्चमधे टाळ्या वाजवत नाहीत.

"आर्डिस," कोणीतरी म्हणालं, "कमाल केलीस गं."

आम्ही तिघं मागं, कॉफीच्या टेबलाआड उभे होतो. तिनं आमच्याकडे पाहिलं. गॉर्डीनं डोळे मिटले. आता बाई सगळ्या गावासमोर सांगणार.

"मी कुठं काय केलं," आर्डिस म्हणाली. "सगळं व्हर्लिननंच केलं होतं. दर शनिवारी. मी फक्त किक मारली."

*

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी जेवण झालं आणि मी दिवाणखान्यात उभा राहिलो. मार्लीस म्हणाली, "असा खांबासारखा काय उभा आहेस? बाहेर जा की कुठंतरी." मी पिकअप काढली.

कुठं जाणार? गाडी चालू झाली होती. आता आर्डिसच्या दारात थांबायचं म्हणजे 'सहज आलो' म्हणायचं. ते मला या जन्मी जमणार नाही. समोरून गॉर्डी आला. एक बोट. मग लेरॉय. एक बोट.

दुसऱ्या फेरीला आर्डिस शेडच्या दारात दिसली. मोटारसायकल बाहेर काढलेली. ती किक मारत होती. फुस्स. परत मारली. फुस्स.

तिघांच्या पिकअप एकदमच थांबल्या.

"काय झालं?" लेरॉयनं काच खाली करून विचारलं.

"काय कळत नाही बाई," आर्डिस म्हणाली. "कालपर्यंत बरी होती. आज बघ."

लेरॉय उतरला. गुडघ्यावर बसला. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. इंजिनाच्या डोक्यावर जिथं दोन प्लग असायला हवेत तिथं दोन भोकं होती. सरळ आतलं दिसत होतं. प्लगच्या दोन्ही वायरी बाजूला नीट, घडी घातल्यासारख्या ठेवलेल्या होत्या. आणि आर्डिस हलली की तिच्या एप्रनच्या खिशात काहीतरी किणकिणत होतं.

लेरॉयनं त्या भोकांकडे पाहिलं. जन्मभर गॅरेज चालवलेल्या माणसाच्या गांभीर्यानं, बराच वेळ पाहिलं.

"पेट्रोलचा काहीतरी घोळ वाटतो," तो म्हणाला.

"मला वायरिंग वाटतंय," गॉर्डी म्हणाला.

"किचकट आहे," मी म्हणालो.

"एका शनिवारात होईल?" आर्डिसनं विचारलं.

"छे!" लेरॉय म्हणाला. "एका शनिवारात कसं होईल!"

"मग आत घ्या तिला." ती शेडकडे वळली. "कॉफी घेणार का?"

"नको नको."

"केलीय मी."

"उगाच त्रास."

आर्डिस दारात थांबली. आम्हीही थांबलो. गॉर्डीनं माझी बाही धरून ठेवली होती.

"अरे, घ्या म्हणते ना," ती म्हणाली.

आम्ही गाडी आत ढकलली, तिच्या जागेवर लावली, खुर्च्या उघडल्या. त्या आपोआप आपल्या खळग्यांत बसल्या. चौथ्या खुर्चीचे चार खळगे रिकामे राहिले. आम्ही तिकडं बघत नव्हतो.

आर्डिसनं कॉफी ओतली. मग खिळ्यावरची व्हर्लिनची खुर्ची काढली, बैठकीवरची धूळ एप्रननं झटकली, आणि बसली. जरा हलून बघितलं; खुर्ची तिला मोठी होत होती.

"मला येत नाही हं खेळायला," ती म्हणाली. "सांगावं लागेल."

"विचारलंस की सांगू," लेरॉय म्हणाला आणि खिशातून गड्डी काढली. आर्डिसनं शेल्फवरून बदाम गुलाम आणून त्याच्या हातात दिला. त्यानं तो गड्डीत घातला, पिसला, वाटला.

तिनं आपली पानं उचलून पंख्यासारखी धरली, दोन्ही हातांनी, छातीशी घट्ट. मधल्या पानाचा वरचा कोपरा कुरतडलेला होता. गुलाम कोणाकडे आहे ते शेडच्या दारातून सुद्धा दिसलं असतं.

आम्ही तिघांनी आपापल्या पानांत डोकं घातलं.

"कोणाची उतारी?" लेरॉयनं विचारलं.

"व्हर्लिनची," गॉर्डी सवयीनं म्हणून गेला.

आर्डिसनं पानं एकदा नीट लावून घेतली आणि पहिलं पान टाकलं.